साडेसहाची खुर्ची आणि सात वर्षांच्या मिस्सा

मी, सत्यवती मधुकर साळवे, वय त्र्याहत्तर, निवृत्त परिचारिका, राहणार सक्करदरा, नागपूर, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे, डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. राग आहे, पण रागाला दबाव म्हणत नाहीत असं वकीलसाहेबांनी सांगितलं. याआधीच्या मृत्युपत्रात सगळं मुलगा पियूष याच्या नावे होतं. ते रद्द समजावं.

१. कारण आधी लिहिते, म्हणजे म्हातारीचे कोणी कान भरले असं मागाहून निघायला नको.

माझे यजमान सीताबर्डीत घड्याळं दुरुस्त करत. दर रविवारी चर्चला येत, पण वीस वर्षं त्यांनी पापकबुली दिली नाही. "ज्याचं वाईट केलं त्याले जाऊन सांगीन, फादरले काहून सांगू?" असं ते फादरना तोंडावर म्हणत. फादर हसत आणि मी जळफळत असे. शेवटी रामदासपेठेच्या दवाखान्यात मात्र ते घाबरले. फादर पोचेपर्यंत उशीर झाला. जाण्याआधी माझा हात धरून म्हणाले, "कबुली राहूनच गेली वं. मिस्सेत माझं नाव चालू ठेवजो."

आम्ही मानतो की गेलेल्या माणसाला देवापुढे जाण्याआधी शुद्ध व्हावं लागतं, आणि मागे राहिलेल्यांच्या प्रार्थनेचा त्याला आधार होतो. म्हणून वर्षदिनाआधी चर्चच्या ऑफिसात नाव द्यायचं असतं आणि फादर ते मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, घेतात.

यजमान २०१८च्या जुलैत गेले आणि त्याच वर्षी मी पडले. कंबरेचं हाड मोडलं, पहिल्या मजल्यावरून खाली उतरणं संपलं. तेव्हापासून दर १४ जुलैच्या सकाळच्या मिस्सेसाठी नाव द्यायचं काम पियूषकडे होतं. विचारलं की म्हणे, "देऊन दिलं नं आई, तू काहून टेन्शन घेऊन राहिली?" मी आंघोळ करून, मेणबत्ती लावून त्यांच्या लाकडी खुर्चीत बसत असे. साडेसहा झाले की जपमाळ हातात घ्यायची आणि मनाशी म्हणायची, आत्ता फादर त्यांचं नाव घेत असतील. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी चर्चच्या सिस्टर घरी कम्युनियनची पवित्र भाकर घेऊन येत, त्यांनाही कधी विचारलं नाही. पोटच्या मुलाची चौकशी कोण करतं?

यंदा २ नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, शेजारच्या प्रयागबाई ठवकर यांनी आपल्या मुलांकडून मला खुर्चीसकट खाली उतरवून चर्चला नेलं. सात वर्षं यजमानांचं नाव घेतल्याबद्दल आभार मानावेत म्हणून मी फादरांकडे गेले. त्यांनी नावांची वही चाळली, मग मागच्या वर्षांच्या वह्या काढल्या. मधुकर साळवे हे नाव एकदाही नव्हतं.

घरी येऊन विचारलं. पियूष म्हणाला, "मेलेल्यासाठी प्रार्थना करून काय होते आई? बाबाचा फैसला त्याच दिवशी झाला. मले देवापुढे खोटी प्रार्थना नेता येत नव्हती." देवापुढे खोटं नेता येत नव्हतं. आईपुढे सात वर्षं आणत होता.

२. पियूष एका नव्या प्रार्थना मंडळीत जातो हे मला माहीत होतं. त्यांचे आक्षेप मला पाठ आहेत. मूर्ती नको म्हणतात. यजमानांचा फोटो मी रोज पुसते, म्हणून काय मी कागदाशी लग्न केलं होतं? जपमाळ म्हणजे पोपटपंची म्हणतात. ड्यूटीवर असताना मरणाऱ्यांच्या उशाशी बसून मी "मी आहे, मी आहे" एवढंच तासन् तास बोलले आहे, आणि तेव्हा एकाही पेशंटने तक्रार केली नाही.

तरी त्याचा विश्वास त्याचा. समोर सांगितलं असतं तर मी भांडले असते, दोन दिवस जेवले नसते आणि दुसऱ्या कोणाला पाठवलं असतं. बापाने तर फादरना तोंडावर सांगितलं होतं. माझा विश्वासघात झाला आहे, आणि तो मंडळीने नाही, मुलाने केला आहे.

३. घर आणि बँकेतली ठेव पियूषची मुलगी, माझी नात गुंजन हिला. ती नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पियूष आणि सून करिष्मा यांना हयातभर घरात राहण्याचा हक्क राहील, मी कोणाला रस्त्यावर काढत नाही. मरियेची मूर्तीही गुंजनला. मंडळी घरी आली की करिष्मा मूर्तीवर टॉवेल टाकते. तो टॉवेल करिष्माला परत द्यावा.

४. घड्याळाची हत्यारं पियूषला. लहानपणी तो बापाशेजारी डोळ्याला भिंग लावून बसायचा.

५. जपमाळ प्रयागबाईंना. त्या हिंदू आहेत, पण बारा वर्षं रोज संध्याकाळी माझ्यासोबत बसतात आणि "आम्हां पाप्यांसाठी विनंती कर" माझ्यापेक्षा मोठ्याने म्हणतात. तुम्हाला हे चालतं का, असं मी एकदा विचारलं. म्हणाल्या, "मायले बोलावून राहिलो नं? मंग त्यात काय चालणं न चालणं!" या मृत्युपत्राच्या व्यवस्थापक त्याच. दर वर्षी आम्हा दोघांची नावं चर्चमध्ये त्यांनी द्यावीत. त्यांना वस्तू देत असल्याने साक्षीदार केलेलं नाही.

६. मला यजमानांशेजारी, कॅथलिक विधीने पुरावं. पियूषने खांदा द्यावा. प्रार्थना म्हणायची नसेल तर गप्प राहावं, पण म्हटली असं नंतर कोणाला सांगू नये.

७. लाकडी खुर्चीही पियूषला. दर १४ जुलैला सकाळी साडेसहाला त्याने तिच्यात अर्धा तास बसावं. मेणबत्ती नको, जपमाळ नको, काही म्हणायला नको. बसला की नाही हे कोणी तपासू नये. गुंजनने विचारावं, आणि तो जे सांगेल ते खरं धरावं, मी धरलं तसं.

वरील मजकूर वाचून, समजून, साक्षीदारांदेखत सही केली.

सत्यवती मधुकर साळवे

साक्षीदार, ज्यांनी मला सही करताना पाहिलं आणि माझ्यासमोर सह्या केल्या:
१) सिंधूताई मेश्राम, निवृत्त शिक्षिका
२) दादाजी नगराळे, शेजारी, तळमजला

नागपूर, २१ नोव्हेंबर २०२५