आमदार एवारिस्तोदादांच्या विधेयकाची परीक्षा

कायेय, पोर्तो रिको
१७ मार्च १९२९

तीर्थस्वरूप एवारिस्तोदादा यांस,

धाकटी बहीण ओतिलियाचा नमस्कार. आपण, वहिनी व मुले सुखरूप असाल, सान हुआनचे हवापाणी सर्वांना मानवत असेल अशी आशा करते. (आमदाराला अहो-जाहो करावं असा वहिनीचा निरोप होता. तो इथवर पाळला. आता नेहमीसारखं लिहिते.) आई ठणठणीत आहे. सकाळी कपभर काळी कॉफी घेते आणि मग दिवसभर आज कॉफी मिळालीच नाही म्हणून सांगत बसते.

तुझ्या विधेयकाची प्रत पोचली. लिहिता-वाचता येणाऱ्या बायकांना मताचा हक्क, हे वाचून आमच्या महिला मतदान संघाच्या बाराही जणींनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. अध्यक्षा डोन्या क्लेमेन्सिया यांना तर एवढा उत्साह आला, की शिकलेल्या बाईला कायदा कसा कळतो ते गावाला दाखवायचंच, असं त्यांनी ठरवलं. रविवारी चर्च सुटल्यावर नगरपालिकेच्या सभागृहात जाहीर परीक्षा, परीक्षक खुद्द महापौर. खुर्च्या डोन्यांनी स्वतःच्या घरून आणवल्या. (वेताच्या. बसलं की करकरतात.) मी चिटणीस, त्यामुळे जे झालं ते शब्दाला शब्द माझ्या वहीत आहे, माझ्या मनाचं काही घालत नाही.

परीक्षा सुरू होणार, तेवढ्यात तंबाखूच्या वखारीतल्या बायका आत आल्या. पानांच्या शिरा काढतात त्या; एकूण एक्केचाळीस. रविवारचे कपडे होते, पण तंबाखूचा वास काही सुटीवर जात नाही, त्यामुळे पहिल्या रांगेतून शिंका सुरू झाल्या. त्यांची पुढारी उर्सुला. ती म्हणाली, "मतासाठी आम्हीपण तीन वर्षं मोर्चे काढतोय. आमचीही परीक्षा घ्या."

"तुम्हाला वाचता येतं का?" डोन्यांनी विचारलं.

"नाही बाई. ऐकू येतं."

महापौरांना गंमत वाटली. (त्यांना फारशी कामं नसतात.) ते म्हणाले, होऊन जाऊ दे. त्यांनी अंदाजपत्रकातलं एक कलम डोन्यांच्या हाती दिलं. डोन्यांनी ते असं वाचलं, की मागच्या बाकावरच्या दोघांनी डोळे पुसले. अर्थ विचारल्यावर मात्र त्यांनी कागद उलटा करून पाहिला आणि अर्थ बहुधा दुसऱ्या पानावर असेल असं सांगितलं. मग तेच कलम उर्सुलासाठी महापौरांनी मोठ्याने वाचलं. ती म्हणाली, "यात लिहिलंय की आमच्या नदीवरचा पूल यंदाही होत नाही. आमदारसाहेब तेवीस साली म्हणाले पूल बांधतो, पंचवीस साली म्हणाले बांधायला घेतो, आणि सत्तावीस साली म्हणाले पुलाची गरज त्यांना मान्य आहे."

दादा, तिन्ही भाषणं तुझी. वखारीत उंच स्टुलावर बसून एक माणूस रोज या बायकांना वर्तमानपत्र वाचून दाखवतो. त्यांचे हात कामात, कान मोकळे. उर्सुला पंधरा वर्षं ऐकते आहे, आणि तुझ्याइतकं विसरणं तिला जमत नाही.

लोक हसले. डोन्या हसल्या नाहीत. टोपी चढवून त्या निघून गेल्या. मग तिथंच ठराव मांडला गेला, की या बायकांना संघात घ्यावं. पाच बाजूने, पाच विरोधात. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी सहा वर्षं इतरांचे हात मोजते आहे; माझाही एक आहे हे माझ्या ध्यानात नव्हतं. तो वर केला. वहीत "ठराव मंजूर" लिहिलं ते अक्षर अजून वाकडं दिसतं. विरोधातल्या पाचजणींनी आणि डोन्यांनी राजीनामे दिले, खुर्च्याही परत गेल्या. आता संघात सत्तेचाळीस सभासद आहेत आणि बसायला जमीन. अध्यक्षा मला केलं आहे. बाकी सर्व क्षेम.

तुझी,
ओतिलिया

ता. क. एक विनंती राहिली. विधेयकातले "लिहिता-वाचता येणाऱ्या" एवढेच शब्द खोड. बाकी विधेयक सुरेख आहे.

ता. क. दुसरा. आईला विधेयक वाचून दाखवलं. तिने नीट ऐकलं आणि विचारलं, "म्हणजे यात मी नाही?" मी म्हटलं, नाही. तिने शेंगांची टोपली पुढे ओढली. मग म्हणाली, "त्याला शाळेत घालायला मीच हाताला धरून नेलं होतं. दारावरची पाटी वाचता येईना, म्हणून आधी पोलीस चौकीत शिरलो होतो."

ता. क. तिसरा. विधेयकावर मतदान होईल त्या दिवशी आम्ही तीन ट्रक भरून सान हुआनला, तुमच्या विधिमंडळाच्या गॅलरीत बसायला येतोय. आई पहिल्या ट्रकमध्ये, ड्रायव्हरशेजारी. त्या दिवशी ऐनवेळी आजारी पडायचा विचार असेल तर कळव, म्हणजे ट्रक आधी तुझ्या घराकडे वळवायला सांगते.