भरल्या पोटाचे किडे

४ मार्च
आत्या एकदा कौतुकानं म्हणाली होती, "हिला कुठेही ठेवा, दोन दिवसांत घर आपलंसं करते." आज ते आठवलं. वहिनीच्या घरातला माझा कोपरा सोडून इथे सरडे सांभाळायला आले. एकतीस सरडे, प्रत्येकाला वेगळा पिंजरा. शेजारी दिसला तरी रागानं काळे पडतात. मालकीणबाई बोलक्या. म्हणाल्या, आमच्याकडे रंग बदलणारे फक्त सरडे, माणसं नाहीत! मला स्वतःची खोली मिळाली. आयुष्यात पहिल्यांदा.

७ मार्च
काम शिकले. पानांवर पाणी फवारायचं. मादीनं मातीत पुरलेली अंडी जराही न उलटवता डब्यात ठेवायची. ते आवडतं. किळस येते ती सरड्यांच्या खाण्याची, म्हणजे रातकिड्यांची आणि पिवळ्या अळ्यांची. टबात हात घातला की मनगटावर चढतात, खालून कुजका वास येतो. बाई म्हणतात, आधी किड्यांना पोटभर खाऊ घाल, त्यांच्या पोटातलंच सरड्यांच्या अंगी लागतं. गाजर, पाला, वर पांढरी पावडर. फार उड्या मारणाऱ्यांचे मागचे पाय मोडायचे. मला जमेना. बाईंनीच मोडले, गप्पा मारता मारता, शेंगा सोलाव्या तसे.

१५ मार्च
बाई फार जपतात मला. ताट रिकामं होऊ देत नाहीत. वरच्या खोलीत त्यांचा थोरला असतो, आजारी. त्याचं सगळं त्या स्वतःच बघतात. आज माझ्या उकडलेल्या गाजरांवर पांढरं काहीतरी होतं. मीठ समजून खाल्लं. मीठ नव्हतं. अजून दातांत खडू कचकचतोय.

१६ मार्च
किड्यांच्या डब्यातली पावडर चाखली. तीच. विचारलं तर बाई हसल्या. हाडांना चांगली असते गं, चाळिशी उलटली ना तुझी? मला उलटी झाली. त्यांनी तोंड पुसलं आणि पुन्हा वाढलं. समोर बसून संपवायला लावलं. वहिनीचे टोमणे परवडले. उद्या सकाळीच निघते.

१७ मार्च, सकाळ
पाय उंबऱ्यात होता. बाईंनी जड दार लोटलं. पुन्हा लोटलं. मग दुसरा पाय — बोलत होत्या, मी किती गुणाची, किती छान भरलेय —

दुपार
पाठुंगळी घेऊन वर आणलं. बाहेरून कडी. खोली रिकामी. वही खिशात होती. भिंत ओली, चिकट, टबासारखा वास —

भिंतीचा रंग श्वास घेतोय.

सुरकुतलेला एक डोळा. तो छताकडे. दुसरा खाली फिरतोय, शोधतोय. हाच थोरला. तोंडातून लाळेची तार — माझ्या पोटऱ्यांवर, गरम —

बाई दाराआडून लाडानं सांगतायत, अगं, हल ना जरा. हलल्याशिवाय दिसत नाही गं त्याला.

मी हलत नाहीये. किंचाळू नये म्हणून लिहितेय. फक्त हात हलतोय, पेन्सिल — डोळा इकडे वळला — दोन्ही —

हाता, तुझ्या पाया पडते, थांब. ऐकणार नाहीस, माहीत आहे, तरी एवढं — थां