गोगलगायीचं शेवटचं कडवं

दि. ३ फेब्रुवारी

चि. टिचकीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं आणि कानात पहिला आवाज आला तो पाट्यांचा. आमच्या दुसरीच्या वर्गात गणित सुटलं की पाटी पालथी घालायची, शेजाऱ्याला उत्तर दिसू नये म्हणून. चाळीस पाट्या फरशीवर पडायच्या. आधी एखादीच खट्, मग खट्खट्, मग पावसाची सर आल्यासारख्या सगळ्या. मग बराच वेळ काहीच नाही. आणि शेवटी एक एकटी खट्. ती माझी. आज सत्तर वर्षं होत आली, पण ती शेवटची खट् अजून स्पष्ट ऐकू येते. बाकी, दारावरची बेल ऐकू येत नाही, ही तुझ्या ताईआजीची तक्रार आहेच.

वर्गाचं वाचनाचं पुस्तक पूर्ण झालं की तू शिकवतेस त्या शाळेत सोहळा करतात, आईवडिलांना बोलावतात, मुलं वर्षभराचं शिकलेलं दाखवतात, हे वाचून फार बरं वाटलं. आमचं पुस्तक पूर्ण झालं की ते धाकट्या भावंडाच्या दप्तरात जायचं. सोहळा एवढाच.

तुला मांडीवर घेऊन म्हणायचो ती गोगलगायीची कविता तू सोहळ्यासाठी मागितलीस. आठही कडवी सोबत पाठवतोय. पुस्तक आता कुठलं असायला, पण पाठांतर शाबूत आहे. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय. सुरुवात तुला आठवतच असेल:

गोगलगाय शाळेला निघे,
मागे न पाही, पुढेच बघे.

मग वाटेत ससा भेटतो, बेडूक भेटतो, सगळे तिला हसतात. पण खरी मजा शेवटच्या कडव्याची:

दिवस मावळे, गुरुजी दारी,
म्हणती, 'ये गं, बस शेजारी.'

काय कवी असेल बघ. दुसरा कुणी असता तर दोन उपदेश पाजून मोकळा झाला असता. याने नुसतं शेजारी बसायला सांगितलं. हे कडवं म्हणताना तुझ्या आजीचाही आवाज जरा हलायचा, आणि ती काही कवितांत रमणारी नव्हती.

मफलर वापरतेस का? खोकल्याचं पुढच्या पत्रात काही वाचायला मिळालं, तर मी स्वतः काढा घेऊन येईन, ही धमकी समज.

तुझा लोभ आमच्यावर आहेच, त्यात काटकसर करू नये.

आजोबा

*

दि. ९ फेब्रुवारी

ती. आजोबांस,
सा. न. वि. वि.

कविता पोचली, आणि पोचल्या दिवशीच वर्गाने पळवली. सोहळ्यात तिचं नाटुकलं करायचं ठरलंय. खोकला नाही. काढा नको.

वर्गाची हालहवाल अशी. सोमवारी आम्ही पावलांनी व्हरांडा मोजला. दारापासून नळापर्यंत माझी चौतीस पावलं, मुलांची कुणाची साठ, कुणाची एक्क्याऐंशी. मग खरं किती, यावरून हमरीतुमरी झाली, आणि शेवटी पट्टीने मोजू या असं त्यांनीच ठरवलं. मी मुद्दाम गप्प बसले होते. ओल्या कापसातल्या घेवड्याला मोड आलेत. एक चष्मेवाला गृहस्थ दर तासाला बी उपटून मुळं वाढली का बघतो, त्यामुळे त्याचं एकट्याचं बी मेलं. त्याला आम्ही कवितेतले गुरुजी केलंय, म्हणजे निदान एका जागी उभा राहील.

आता खरी बातमी. शाळेसमोर एक शिंपीणकाकू मशीन घेऊन बसतात, त्यांची लेक माझ्या दुसरीच्या वर्गात आहे. वाचताना एकेका अक्षरावर बोट ठेवून इतकी रेंगाळते, की बाकीचे तिचा शब्द आधीच ओरडून टाकतात. पोरांनी तिचं नाव 'उद्या' ठेवलंय, कारण तिची वही कायम उद्या येते, आणि ती स्वतः घंटेनंतर. वर्षभरात तिने एकदाही हात वर केला नव्हता. मी विचारलं, गोगलगाय कोण होणार? सगळ्यांना ससाच व्हायचं होतं. मागच्या बाकावरून एक हात सावकाश वर आला. तिचा.

शाळा सुटल्यावर ती माझ्याजवळ आली आणि विचारलं, गुरुजी शेवटी खरंच दारात असतात का? मी म्हटलं, असतात. तिने दोनदा विचारलं, मी दोनदा सांगितलं. दुसऱ्या दिवशी काकूंनी जुन्या गोधडीचा शंख शिवून पाठवला, वर बटणांची नक्षी काढून. आजोबा, त्या दिवसापासून ती रोज वेळेवर येते.

माझ्या वर्गावर तुमची नजर असू द्या, आणि माझ्यावर माया.

तुमची टिचकी

*

दि. १६ फेब्रुवारी

ती. आजोबांस,
सा. न. वि. वि.

घाईत लिहितेय. काल तालमीला मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, आल्या. दाराशी उभं राहून सगळी कविता ऐकली, आणि ऑफिसच्या कपाटातलं एक जुनं पुस्तक घेऊन परत आल्या. आपलीच कविता. सात कडवी तंतोतंत. आठवं मात्र असं:

घंटा झाली, दारे मिटली,
आळसास मग अद्दल घडली.

मोठ्या बाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या शांतपणे म्हणाल्या की सोहळा पुस्तक पूर्ण झाल्याचा आहे, आणि पुस्तकात आहे ते नीट वाचावं ही पहिली गोष्ट आपण मुलांना शिकवतो. कुणा कवीचं कडवं काढून तिथे दुसरं घातलेलं शाळेत चालायचं नाही. मी मान डोलावली. माझं पहिलंच वर्ष, आणि पुढच्या वर्षी मला ठेवायचं का, याला त्या अजून 'बघू' म्हणतात.

आज छापील शेवट करून पाहिला. गोगलगायीने पुठ्ठ्याच्या दारापाशी जायचं आणि रडत मागे फिरायचं. ती दारापाशी गेली. मागे फिरली नाही. अंगावरचा शंख काढला, घडी घातली, माझ्या टेबलावर ठेवला आणि जागेवर जाऊन बसली. रडली असती तर मी समजूत तरी काढली असती. मी तिला दोनदा 'असतात' म्हणून सांगितलंय, आजोबा.

तुमचं पुस्तक वेगळं होतं का? दुसरी आवृत्ती वगैरे? आठवून लगेच कळवा. सोहळा अठ्ठावीसला आहे.

टिचकी

*

दि. १९ फेब्रुवारी

चि. टिचकीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आल्या आल्या मी चार पानी उत्तर लिहिलं. तुमच्या मोठ्या बाईंचं पुस्तक कसं अशुद्ध, छापणारे कसे बेजबाबदार, मूळ कवी कसा मोठ्या मनाचा, असा चांगला समाचार घेतला होता. मटार सोलत बसलेल्या ताईला ते मोठ्यांदा वाचून दाखवलं. ती इतकी हसली की ताट कलंडलं आणि मटार पलंगाखाली गेले. ते गोळा करता करता तिने जे सांगितलं, ते तसंच्या तसं लिहितो.

माझं पुस्तक आधी तिचं होतं. त्यातलं त्या शेवटच्या कडव्याचं पान तिने बाहुलीच्या झग्याचं माप कापायला फाडलं होतं. कविता पाठ म्हणून दाखवायचा दिवस आला, तेव्हा मला ते कळलं. शेजाऱ्याचं पुस्तक मागायची माझी छाती नव्हती. शाळेत जाता जाता, तिचा हात धरून, मीच एक कडवं जुळवलं. वर्गात म्हटलं. गुरुजींच्या हातात पुस्तक उघडं होतं. त्यांनी पुस्तकाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि फक्त 'बस' म्हणाले. ताई व्हरांड्यातून बघत होती. मला वाटलं असणार, म्हणजे बरोबर आलं. पुढे आपण जुळवल्याचं विसरलो, आणि सगळं आयुष्य तेच वाटत राहिलं. मुलांना तेच शिकवलं, तुलाही.

गंमत बघ. जन्मभर मी लोकांच्या पुस्तकांची बांधणी केली. सुटलेली पानं मोजून, जुळवून, शिवून दिली. माझ्याच पुस्तकातलं पान गेलेलं मी सत्तर वर्षं विसरून बसलो.

ताई म्हणते, खूश हो, तू कवी निघालास. पण खूश व्हायला होत नाही गं. ते कडवं दुसऱ्या कुणाचं होतं तोवर जगात असा एक माणूस होता, जो दारात थांबतो. तो मीच निघालो म्हटल्यावर घरातलं एक माणूस कमी झाल्यासारखं वाटलं. दोन दिवस नीट जेवलो नाही. आज जेवलो, मटारच होते.

तेव्हा मोठ्या बाईंचं बरोबर आहे. त्यांच्याशी वाद घालू नकोस. आणि त्या पोरीला खरं ते सांग. दिलेला शब्द कसा पाळायचा, हे मला सुचलेलं नाही. एवढंच सुचलं, की मोठ्या बाईंना एक चिठ्ठी लिहावी. ती सोबत आहे. वाचून मग दे.

माझ्यावरचा विश्वास थोडा तरी शिल्लक ठेवावा.

आजोबा

(सोबतची चिठ्ठी)

मा. मुख्याध्यापिका बाई यांस,
सविनय नमस्कार.

शेवटचं कडवं कवीचं नसून माझं आहे. ते मी दुसरीत असताना पुस्तकातलं पान नव्हतं म्हणून केलं, आणि पुढे विसरलो. चूक सर्वस्वी माझी आहे. ती वर्गाच्या, विशेषतः गोगलगायीच्या, पदरात टाकू नये ही विनंती.

टिचकीचे आजोबा

*

दि. १ मार्च

ती. आजोबांस आणि ताईआजीस,
सा. न. वि. वि.

आशीर्वाद आणि माया आत्ताच मागून ठेवते, कारण आज पत्राचा शेवट माझ्या हातात राहील असं वाटत नाही.

चिठ्ठी मोठ्या बाईंनी दोनदा वाचली आणि ड्रॉवरमध्ये ठेवली. म्हणाल्या, छापील कडवं सगळ्या वर्गाला पाठ पाहिजे. आणि दुसरं म्हणायचंच असेल, तर हे पुस्तकातलं नाही, दुसरीतल्या एका मुलाचं आहे, असं आधी सगळ्यांसमोर सांगायचं. मी हो म्हटलं.

मग मी शिंपीणकाकूंकडे गेले. त्या काज करत होत्या, लेक खाली बसून चिंध्यांच्या गठ्ठ्याला गाठ मारत होती. मी तिला सगळं सांगितलं, फाटलेल्या पानासकट. तिने गाठ पुरी आवळली आणि विचारलं, तो मुलगा दुसरीतला होता का? मी म्हटलं, दुसरीतला. मग चालेल, म्हणाली, आणि शंख मागितला.

काल सोहळा झाला. व्हरांड्याचा नकाशा लावला होता, घेवड्याचे वेल खिडकीत ओळीने होते, ज्याने त्याने आपापल्या आईला बोट धरून पट्टीने मोजलेलं सगळं दाखवलं. पहिल्या रांगेत मोठ्या बाई ते जुनं पुस्तक मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मुलांनी आधी छापील शेवट म्हटला, न चुकता. मग तुमच्याबद्दल सांगितलं, आणि गोगलगाय निघाली.

आजोबा, ती इतकी सावकाश निघाली की कोरसला प्रत्येक कडवं तीन तीनदा म्हणावं लागलं. आधी लोक हसले, मग हसायचे थांबले. ती कुणाकडे बघत नव्हती. मी पडद्याआड गेले तर गुरुजींचा पत्ता नाही. चष्मेवाल्याची चिकटवलेली मिशी निघाली होती, आणि मिशीशिवाय मी गुरुजी दिसत नाही म्हणून तो सामानाच्या खोलीत आतून कडी लावून रडत होता. मी बाहेरून विनवण्या करतेय, आणि तिकडे ती दारापाशी पोचली.

मुलांनी म्हटलं, दिवस मावळे, गुरुजी दारी. दार बंद. पुन्हा म्हटलं. दार बंदच. मग आवाज एकेक करून गळत गेले आणि हॉलमध्ये नुसता पंखा ऐकू येऊ लागला. मी धावत स्टेजवर निघाले, तिला उचलून घ्यावं, काहीतरी बोलून वेळ मारून न्यावी म्हणून. तिने मान वळवली नाही. नुसता पंजा मागे करून मला थोपवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"थांबा बाई. येतील ते."

आणि ती दारापाशी मांडी घालून बसली. आम्ही सगळेच थांबलो. किती वेळ, मला सांगता येणार नाही. कुणाचं बाळ रडलं नाही, कुणी खुर्ची सरकवली नाही.

मग पुठ्ठ्याचं दार आतून करकरलं. दार दुसरीच्या मुलांच्या उंचीचं होतं, त्यामुळे उघडणाऱ्याला कमरेत वाकावं लागलं. आधी जुनं पुस्तक दिसलं, छापील कडव्याच्या पानात बोट घालून धरलेलं. मग मोठ्या बाई. चष्मा कपाळावर सरकला होता. त्या आणखी वाकल्या आणि म्हणाल्या,

"ये गं, बस शेजारी."