पुरुषांच्या रकान्यातली शून्ये

ती. ताईस,

कागदावरच लोटांगण घालतो (गुडघे सध्या तेवढीच परवानगी देतात). तुझी छातीतली धडधड, भावोजींचा खोकला आणि गॅलरीतली मांजर, या तिघांची प्रकृती सविस्तर कळवावी. ‘गॅस बंद केला का?’ हा प्रश्न हल्ली दिवसातून किती वेळा छळतो, तेही कळव. कारण मी सध्या त्याच विषयाचे आकडे मांडतो आहे.

आमच्या दवाखान्यात अतिकाळजीने आजारी पडलेली माणसे येतात आणि त्यांच्या नोंदी मी ठेवतो, हे तू जाणतेसच. विषय मोठा रसाळ आहे! एकच वाईट विचार गुरासारखा रवंथ करत बसणे, हे बायका अधिक करतात की पुरुष? आम्ही प्रत्येकाला अंगठ्याने दाबायचे छोटे मोजणीयंत्र दिले (दारावर गर्दी मोजतात, तसले). विचार आला की एकदा दाबायचे आणि आठवड्याने आकडा दाखवायचा. बायकांचे आकडे आले: दोनशे बारा, तीनशे चाळीस, एकीने तर यंत्राचा भरवसा नाही म्हणून वहीत रेघाही ओढून आणल्या. पुरुष सव्वीस. सव्विसांचेही शून्य! मी हरखलो. तेविसावा एक अबोल शिंपी होता. त्याची तर मी पाठ थोपटली आणि ‘शाब्बास!’ म्हणालो.

परंतु शास्त्रात हरखून चालत नाही. पुढच्या खेपेस मी भर दुपारी बाहेरच्या बाकांपाशी उभा राहिलो. पुरुष ओळीने बसलेले, हात खिशात, चेहरे दगडी. आणि सगळ्या खिशांतून कट्, कट्, कट् (लाकूड आतून पोखरले जावे तसे). पुकारा झाला की जो तो यंत्राच्या कडेची किल्ली फिरवून आकडा पुसे आणि मगच आत येई. कुणी कुणाला शिकवले नव्हते. पंचवीस अंगठ्यांवर तोच गोल वळ. शिंपी आला नव्हता. अजूनही आलेला नाही. फोन वाजत राहतो, उचलत कुणी नाही.

तुलनेसाठी एखादा निरोगी पुरुष हवा, म्हणून एक यंत्र मीही बाळगले होते. माझेही शून्यच (हसू नकोस). परवा जेवताना तुझ्या भावजयीने ताट सरकवले.

“अहो, ते वाजवणं थांबवा आता. डोकं उठलं माझं.”

“मी कुठे काय वाजवतोय?”

“मग काय भिंत वाजवतेय?”

मी खिसा चाचपला. रिकामा.

“यंत्र तुम्ही पंधरा दिवसांपूर्वीच परत केलंत,” ती हळूच म्हणाली. “हे तुमचे दात वाजताहेत.”

टेबलाखाली माझा अंगठा त्याच तालावर हवेत दाबत होता, अगदी शिस्तीत.

असो. निष्कर्ष एवढाच की मोजण्याची रीत बदलायला हवी. माझी प्रकृती उत्तम आहे.

तुझा धाकटा

ता. क. गुरुवारी चारला डॉक्टरीणबाईंची वेळ घेतली आहे, तुझ्या नावाने. घरी सांगितले आहे की ताईला दाखवायचे आहे, मी नुसता सोबतीला (तुझ्या बाबतीत कुणाला शंका येत नाही, हा तुझा मोठा गुण). आत गेल्यावर रुग्णाच्या खुर्चीवर मी बसेन.

आणखी ता. क. विचार एकच आहे: मी त्या शिंप्याला शाब्बास का म्हणालो? हा विचार दिवसातून किती वेळा येतो, असे बाई विचारतील. मी ‘एकदाही नाही’ म्हणेन. ताई, तेव्हा तू गप्प बसू नकोस.