वजा केलेला जंतू

सोमवार, ४ मार्च
आयुष्यभर माणसांना नावे ठेवली, आता जंतूंना ठेवायची आणि वर पगार घ्यायचा! जंतूचा जनुकक्रम वाचायचा, जुन्या यादीशी ताडायचा. जुळणी पंचाण्णव टक्क्यांखाली आली की जंतू नवा. इथली एक रीत गमतीची. दर सोमवारी आपल्याच तळहातावर कापूस फिरवून नमुना द्यायचा. त्यात सापडेल ते आपल्या कामातून संगणक आपोआप वजा करतो. नाहीतर आपल्याच हातचा मळ नवा जंतू म्हणून मिरवाल, असे आमच्या प्रमुख बाई म्हणाल्या.

गुरुवार, ७ मार्च
बुजलेल्या विहिरीच्या गाळात एक सापडला! जवळच्या नातलगाशी जुळणी फक्त एकसष्ट टक्के. नवऱ्याने आपल्या आत्याचे नाव सुचवले. तीही कुणाशी जुळत नाही म्हणे. आमची पाच वर्षांची ठकी हसून हसून लोळली.

सोमवार, ११ मार्च
आजचा हाताचा नमुना दिला आणि माझा जंतू गायब. दोनदा तपासले. गाळ स्वच्छ. बाईंसमोर तोंडघशी पडले.

मंगळवार, १२ मार्च
कोडे सुटले, पण जीव थाऱ्यावर नाही. जंतू गाळात आहेच. माझ्या हातावरही आहे, म्हणून वजा झाला. हातमोजे तर घातले होते! माझ्याआधी इथे असलेल्या माणसाचे हाताचे नमुने उघडले. त्याच्या हातावरच्या जंतूंत याचा वाटा आधी तीन टक्के, मग वीस, शेवटी शंभर. सहा महिने त्याचा प्रत्येक गाळ स्वच्छ.
त्याचे काय झाले, असे शिपाईकाकांना विचारले. आधी बोटांच्या रेषा गेल्या, मग कातडी, एवढेच म्हणाले. चहा माझ्या हातात न देता टेबलावर ठेवून गेले.
आजपासून ठकीला शिवायचे नाही. वेणी नवरा घालेल.

गुरुवार, १४ मार्च
माझ्या हातावर चौतीस टक्के. अंगठा गुळगुळीत. हात घासून घासून सोलवटले. बाईंना जीव तोडून सांगितले. संगणक तर स्वच्छ म्हणतो, असे म्हणाल्या.

शुक्रवार
नवऱ्याने ठकीच्या हाताचा नमुना घेतला. निकाल स्वच्छ. ढसाढसा रडले. मग लक्षात आले — नमुना माझ्या नावावर लावला. माझे सगळे त्यातून वजा —

शनिवार
वजाबाकी बंद करून पुन्हा लावला. शून्य. खरेच शून्य. वाचली माझी पोर.
मी मागच्या खोलीत. कडी घालून. पेन बोटांत ठरत नाही — कागदाला काहीतरी चिकटते —
ठकी दार वाजवते. पाच दिवस आईने घेतले नाही म्हणून रडते. नवऱ्याला हाका मारते आहे, तो अंघोळीला —
कडी सैल आहे. ढकलते आहे ती. मी दाराला पाठ लावून — नको ग सोने — फट पडली — दोन्ही हात आत घालून ती माझा पदर —