साक्षीदाराची मोकळी जागा

मंगळवार पेठ, कोल्हापूर
११ फेब्रुवारी २०२६

प्रिय आक्काताई,

सप्रेम जयभीम. आम्ही इकडे ठीक आहोत. तुझ्या गुडघ्याला ते नवं तेल लागू पडलं का? प्रसेनजीतची बदली परत रत्नागिरीला झाली, त्यामुळे सूनबाई आठ दिवस माझ्याशी धड बोलत नाही. जणू ऑर्डरवर सही माझीच होती.

फोन असताना पत्र कशाला, असं तुला वाटेल. फोनवर तू मध्येच "जेवलास का?" विचारतेस आणि माझं बोलणं तिथंच राहतं. दोनदा तसं झालं. हे संघप्रियाला वाचायला देऊ नकोस. लेकीपुढं मला लाज वाटेल. चष्मा लाव आणि तूच वाच.

सोबत वारसाचा अर्ज आहे. याचिकेत दाजींच्या जागी आता तुझं नाव लागेल. जिथं सही करायची तिथं पेन्सिलीनं फुली मारली आहे. पण आधी पत्र पुरं कर.

आमची सुधारित पेन्शन तीन महिन्यांत द्या, असा कोर्टाचा हुकूम होऊन दोन वर्षं झाली, हे तुला माहीत आहे. जन्मभर आम्ही कोर्टाचे हुकूम नकला करून, शिक्के मारून लोकांना दिले. आमच्या नावचा हुकूम मात्र कुणी मनावर घेईना. खाली विचारलं की वरून मंजुरी नाही, वर लिहिलं की खालून माहिती मागवली आहे. शेवटी अवमानाचा अर्ज केला. संघटनेचा सचिव मी, म्हणून बासष्ट म्हाताऱ्यांच्या वतीनं हो-नाही म्हणायचं काम माझ्याकडं आलं.

दाजींच्या पुण्यानुमोदनाला तू सगळ्यांदेखत म्हणालीस, "अण्णासोनं ह्यांच्यासाठी लई पळापळ केली." मी मान खाली घालून खीर खात राहिलो. तेव्हाच बोलायला हवं होतं.

अठरा नोव्हेंबरला सुनावणी होती. दाजी मलकापूरहून पहिल्या एसटीनं आले. बेलिफ माणूस तो. समन्स घेऊन गेल्यावर "मालक गावाला गेल्यात" असं कुणी सांगितलं की दाजी तिथंच सोप्यात बसायचे, मालक परसातून बाहेर येईपर्यंत. कोर्टातही तसेच येऊन बसले, मांडीवर पिशवी घेऊन.

त्याआधी चहा घेताना त्यांनी मला एक सांगितलं, ते तुला ठाऊक नाही. डॉक्टरांनी हृदयाची झडप बदलायला सांगितली होती. पेन्शनचा फरक हातात आला की करू, म्हणून ते थांबले होते. "तुमच्या आक्काला कळलं तर ती डोरलं मोडंल," म्हणाले आणि माझ्याकडून शब्द घेतला. तो आज मोडतो आहे. मी पैसे देऊ का, असं विचारलं. ते नको म्हणाले. माझी ठेव होती बँकेत, पण मी दुसऱ्यांदा विचारलं नाही. एकदाच विचारून मोकळा झालो.

आमचा पुकारा झाला. सरकारी वकिलांनी आठ आठवड्यांची मुदत मागितली. हरकत आहे का, असं न्यायमूर्तींनी आमच्या वकिलांना विचारलं आणि वकील मागं वळून माझ्याकडं बघायला लागले. दाजींनी माझी बाही धरली.

"न्हाय म्हणा, अण्णासो. मला आठ आठवडं लई हुत्यात."

आणि मी मान हलवली. चालेल म्हणून.

का, ते रोज स्वतःला विचारतो. चौतीस वर्षं मी न्यायाधीशांच्या पुढ्यात खाली बसलो. सरकारी वकील उभे राहिले की त्यांनी तोंड उघडायच्या आत माझ्या हातात तारखांची डायरी असायची. रडत आलेल्या बाईला मी हसून सांगायचो, "तारखेनं कोण मरत न्हाय, मावशी." ती सवय तर होतीच. पण खरं सांगू? भर कोर्टात वकिलांनी माझ्या संमतीसाठी मागं बघितलं, याचं मला बरं वाटलं. समजूतदार दिसावंसं वाटलं. मोठेपणा केला मी, दाजींच्या जिवावर.

बाहेर आल्यावर ते रागावले नाहीत. "सवय हो तुमची," एवढंच म्हणाले. स्टँडवर तुझ्यासाठी भडंगाचा पुडा घेतला. तो तुला मिळाला असेल.

सातव्या आठवड्यात ते गेले. पुढच्या तारखेला सरकारनं परत मुदत घेतली. मी आजारी असल्याचं कळवून गेलोच नाही. आजारी नव्हतो.

मी नाही म्हटलं असतं तरी पैसे वेळेत आले नसते, असं मी मनाची समजूत घालतो. ते खोटंही नसेल. पण आक्का, दाजी नाही म्हणा म्हणाले होते, आणि त्या खोलीत त्यांचा माणूस मी एकटाच होतो.

आता चोवीस तारीख आहे. मुदत पुन्हा मागतील, वकील पुन्हा मागं वळतील. तू ये. दाजी बसले होते त्याच बाकावर बस, आणि काय म्हणायचं ते तू म्हण. मी तुझ्या मागं उभा राहीन, किंवा तू नको म्हणालीस तर बाहेर.

अर्जाच्या शेवटी, तुला ओळखणाऱ्या साक्षीदाराची सही लागते. तुझ्या घरच्या प्रत्येक कागदावर आजवर तिथं माझीच सही आहे. या वेळी जागा मोकळी ठेवली आहे. माझी चालणार असेल तर अर्ज तसाच घेऊन ये. नसेल तर शेजारच्या जोतीरामची घे. कोर्टाला तीही चालते.

तू अजून म्हणत असलीस तर,
तुझा धाकटा भाऊ
अण्णासो