लाल गोळ्याची सुटका

३ मार्च
चष्म्याच्या दुकानात काउंटरवर जी बसते, ती आज स्वतःहून बोलली. (मी तिथे आतापर्यंत तीनदा डोळे तपासून घेतलेत. दोष काही निघत नाही.) म्हणाली, पंधरा दिवस मावशीकडे चाललेय, तोवर हे कॅक्टस कोणाकडे ठेवू? म्हटलं, माझ्याकडे. तुम्हाला त्यातलं कळतं का? म्हटलं, कॅक्टस हाच माझा विषय. मग म्हणाली, याची जात तेवढी शोधून ठेवाल का, लेबल कुठे तरी पडलंय.
'ठेवाल' म्हणाली. म्हणजे आदर आहे. पुढचं सगळं आदरातूनच होतं.

४ मार्च
निरीक्षण. खाली हिरवा, तीन धारांचा दांडा. त्याच्या डोक्यावर लिंबाएवढा लाल काटेरी गोळा. दोघांचं आपसात पटत नाही हे कोणालाही दिसेल.
निष्कर्ष: लाल हा खरा कॅक्टस, अतिदुर्मिळ. हिरवा म्हणजे बांडगूळ, त्याचं रक्त पितोय.
कॅक्टसवाल्यांच्या ग्रुपवर फोटो टाकला. एकाने लिहिलं, हे कलम आहे. मी लिहिलं, तूच कलम. आणि ग्रुप सोडला. कॉलेजही असंच सोडलं होतं. मी निर्णयाला वेळ लावत नाही.

६ मार्च, सकाळ
ऑपरेशन. बाबांचं दाढीचं नवं ब्लेड. ताई म्हणाली, दुसऱ्याची वस्तू आहे, निदान तिला फोन करून विचार. नंबर मी मुद्दामच घेतलेला नाही. घाई दिसायला नको.
एका फटक्यात सुटका. लाल आता पांढऱ्या कुंडीत, स्वतःच्या पायावर. हिरवा कचऱ्यात टाकला होता; ताईने उचलून गॅलरीतल्या डब्यात खोचला. तिला नको तिथे कणव येते.

९ मार्च
लाल जरा कललाय. विश्रांती घेत असावा. इतक्या दिवसांचा जाच, एकदम कसा उतरेल?

१२ मार्च
सुरकुत्या. बाबा म्हणाले, हा टोमॅटो कोणी वाळत घातलाय? जेवणावरून उठलो. या घरात संशोधनाला वातावरणच नाही.
(मग भूक लागली. जेवलो.)

१३ मार्च
हिरव्याला दोन नवे फुटवे. निर्लज्ज.

१४ मार्च
ताईने मोबाइलवर शोधून मोठ्याने वाचून दाखवलं. वरच्या लाल गोळ्याला स्वतःचं अन्न करता येत नाही. खालच्या हिरव्याच्या जिवावर जगतो. म्हणून नर्सरीवाले दोघांना जोडूनच विकतात. वेगळा केला की मरतो.
बाबा पेपरातून डोकं न काढता म्हणाले, असा एक आपल्याकडे आधीपासून आहे की.
दार आपटून बाहेर पडलो. चप्पल राहिली म्हणून परत यावं लागलं.

१५ मार्च
लाल हिरव्यावर परत बसवला. आधी टूथपिक, मग रबरबँड, मग फेव्हिकॉल. तीनदा पडला. तिसऱ्यांदा उचलायला गेलो तर बोटांत नुसता चिखल.
संकल्प: नवा लाल आणायचा. तिला फरक कळणार नाही.

१६ मार्च
नर्सरीत पिवळा होता, गुलाबी होता. लाल कालच संपला म्हणे. मी विचारलं, तुम्ही नर्सरी चालवता की थट्टा? तो म्हणाला, पिवळा न्या, तोच आहे, फक्त रंग वेगळा. तोच असेल तर लाल का नाही, असं विचारल्यावर तो पाइप घेऊन कुंड्यांना पाणी घालायला गेला. भांडण जिंकलो. पिवळाही मग आणता आला नाही.

१८ मार्च
ती परत आली. हिरवा दांडा घेऊन दुकानात गेलो. सांगायला तयार केलं होतं की ही विकासाची पुढची अवस्था आहे. रागावली तर माफी मागायची, माफीनंतर कॉफी, हेही ठरलं होतं.
ती रागावली नाही. म्हणाली, अहो असू द्या, मालक तसंही ते हलवा म्हणत होते, गिऱ्हाइकांना काटे लागायचे. तुम्हीच ठेवा. मग मागच्या माणसाला म्हणाली, बोला काका, कोणता नंबर?
जात विचारलीच नाही.
काउंटरवर त्या जागी दुसरं कॅक्टस आलंय. हिरवंगार, वर गुलाबी फूल. कोणी बघत नाहीसं पाहून बोट लावलं.
प्लास्टिक. ही जात मात्र मी बरोबर ओळखली.